पाटाएवढं ऊन

सांडूजी सपकाळ भिंतीत गेला तो मंगळवार होता. सोमवारी लेणी बंद असतात, नाहीतर एक दिवस आधीच गेला असता. जाताना त्याच्या पायात निळे कॅनव्हासचे बूट होते, गळ्यात शिट्टी होती आणि तोंडात अर्धं वाक्य होतं. उरलेलं अर्धं त्यानं आत गेल्यावर पुरं केलं, असं तिथं हजर असलेल्या अकरा प्रवाशांनी अभिप्रायाच्या वहीत सहीनिशी लिहून ठेवलं आहे. एका बाईंनी 'मार्गदर्शक उत्तम, परंतु सहल मध्येच थांबली' असाही शेरा दिला आहे.

ही गोष्ट सावळदरीच्या पाच नंबरच्या लेण्यातली. पाच नंबर म्हणजे चित्रांचं लेणं. दारातून आत शिरलं की उजव्या भिंतीवर एक मिरवणूक रंगवलेली आहे. राजा, दोन राण्या, छत्र धरणारे, वीणा वाजवणारी, व्यापारी, एक हत्ती, आणि हत्तीवर बसायला न मिळालेले पुष्कळ लोक. सगळ्यांची तोंडं आतल्या अंगाला. कुठं निघालेत ते कुणाला सांगता येत नाही, कारण मिरवणूक कोपऱ्यात शिरते आणि कोपऱ्यापुढं डोंगर आहे. दीड-दोन हजार वर्षांत मधेमधे गिलावा पडला, रंग गेले, नुसता दगड उरला. असे नऊ पोपडे. पहिला पार आत, कोपऱ्याजवळ. नववा दाराला लागून.

लेण्यात दिवा नेत नाहीत; धुरानं रंग काळे पडतात. म्हणून ऊन आत न्यायचं. अंगणात, दाराच्या डाव्या हाताला, आरसा घेऊन एक माणूस उभं राहतं. ते आरशात ऊन पकडतं आणि दारातून आत फेकतं. आत लाकडी चौकटीवर पांढरं धोतर ताणून बसवलेलं असतं. ऊन त्याच्यावर आपटतं, मऊ होतं आणि मग भिंतीवर पडतं. थेट ऊन त्या रंगांना सोसत नाही. भिंतीवर पडतो तो उजेड जेवायच्या पाटाएवढा. सूर्य सरकतो तसा आरसाही तसूतसूनं सरकवावा लागतो, त्यामुळं खिळ्याला टांगून भागत नाही. तो माणसाच्याच हातात लागतो. सावळदरीत याला ऊन धरणं म्हणतात. सांडूजीची बायको कासाबाई एकतीस वर्षं ऊन धरत होती.

ऊन धरणाऱ्याचे हात लांबतात. वर्षाला एक बोट, कधी अधिक महिन्याच्या साली दीड. कासाबाई सरळ उभी राहिली तर तिची बोटं घोट्याला लागायची. अंगण सारवायला ती वाकत नसे. रज्जाक टेलर तिच्या झंपराच्या बाह्यांचं माप घेताना टेप दोनदा टाकायचा आणि म्हणायचा, "वहिनी, यंदाच्या दिवाळीला कापड तुमी आणा, बाह्या पुढच्या दिवाळीला देतो."

आणि एक नियम होता. चित्र दाखवायचं ते काठीच्या सावलीनं. उजेडात काठी धरायची, तिची सावली भिंतीवर पाडायची आणि त्या सावलीच्या टोकानं राजा दाखवायचा, राणी दाखवायची. बोट करायचं नाही. हा नियम सांडूजीच्या आजाला त्याच्या आजानं सांगितला होता, आणि कामून म्हणून मधल्या कुणीच विचारलं नव्हतं.

पोपड्यांपाशी आलं की सांडूजीची जीभ सैल सुटायची. "इथं एक माणूस होता," तो सांगायचा, "निघून गेला." सकाळच्या प्रवाशांना तो माणूस जुगारी असायचा, उशिरा आलेल्यांना राणीचा वैद्य. शाळेची सहल असली तर गणिताचा मास्तर. त्या मंगळवारी पुण्याच्या एका निवृत्त बाईंनी कोपऱ्याजवळच्या पोपड्यापाशी विचारलं, "पण नेमका कुठं उभा होता तो?"

सांडूजीनं काठी उचलली, आणि तेवढ्यात बाहेर ढग आला. कासाबाईच्या आरशातलं ऊन गेलं. धोतर विझलं. काठीला सावलीच उरली नाही. सांडूजीनं अंधारात बोट पुढं केलं. "इथं," तो म्हणाला, "असा..."

बोट गेलं, मनगट गेलं, कोपर गेलं. अकरा प्रवासी काठी खाली पडल्याचा आवाज ऐकत उभे राहिले. ढग सरला, ऊन आलं, आणि भिंतीतून सांडूजीचा आवाज आला, "...पाठमोरा उभा होता." पोपडा राहिला नव्हता. तिथं खाकी टोपी घातलेला एक माणूस मिरवणुकीत पाठमोरा उभा होता, रंग जरासे जुने, बूट निळे.

कासाबाई अंगणात होती. तिनं ढगाकडं पाहिलं, मग आरशाकडं. त्यानंतर तिनं आरसा खाली ठेवला नाही. जेवतानाही मांडीवर घेऊन जेवली.

गावानं चूक केली ती मायेपोटी. सांडूजीला पाहायला सगळी सावळदरी लोटली. आपल्या गल्लीतला माणूस राजाच्या मिरवणुकीत दिसल्यावर कोण गप्प राहील? "तो पाहा सांडूजी!" म्हणून ज्यानं त्यानं बोट केलं, आणि ज्याचं बोट पोपड्याला टेकलं तो गेला. सलूनवाला वाल्मिक थोरल्या राणीच्या शेजारी गेला, खांद्यावरचा टॉवेल तसाच. अंगणवाडीच्या मंदाताई वीणेवालीच्या मागं गेल्या. आठवडाभरात आठ पोपडे भरले. गावात फार आरडाओरडा झाला नाही. सुरतेला गेलेला माणूस वर्षातून एकदा दिसतो, हे तर सोमवार सोडून रोज दिसत होते.

नववा पोपडा, दाराजवळचा, तेवढा राहिला. त्याच्यावर कासाबाईनं घरची चटई टांगली आणि मुनीरभाईंना सांगितलं, "इथं कुणाचं बोट लागलं तर तुमच्या घरचं लग्न मी जेवणार नाई."

मुनीरभाई लेण्यांचे चौकीदार. मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी चटईखाली खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसले.

देखभालीचे निरगुडकर साहेब मात्र खूश होते. पडलेलं चित्र आपल्या कारकिर्दीत आपोआप भरून येतंय, याचा त्यांनी चार पानी अहवाल वर पाठवला. निळ्या बुटांचा संबंध त्यांनी समुद्रापारच्या व्यापाराशी जोडला. वरून उत्तर आलं की अशा अद्वितीय ठेव्याला शोभेलशी प्रकाशयोजना तातडीनं करावी. साहेबांनी कासाबाईला बोलावलं.

"पाडव्याला दिवे लागणार, बाई. बिनधुराचे, बिनउष्णतेचे. मोठे पाहुणे येतायत."

"मंग ऊन?"

"ऊन बाहेर राहील. तुमचा आरसा संग्रहालयात ठेवू. काचेच्या पेटीत. खाली तुमचं नाव."

"अन् माझा माणूस?"

"कोणता माणूस?"

"कोपऱ्याकडून आठवा. टोपीवाला."

साहेबांनी चष्मा पुसला. "ते आता चित्र आहे, बाई. तसं नोंदवलंय."

बाहेर आल्यावर मुनीरभाई तिला चार नंबरच्या लेण्याकडं घेऊन गेले. तिथं छतावर हंसांची रांग आहे. एकतीस वर्षांत कासाबाईनं त्यांच्यावर ऊन टाकलं की ते पंख झाडायचे, मान वळवून पाठ खाजवायचे. प्रवाशांना ते दिसत नसे, कारण प्रवासी फोटो काढत असत.

"काल इथं एक दिवा लावून पाहिला, भाभी," मुनीरभाई म्हणाले. "दिवा लागला अन् हे थांबले. मग दिवा काढला. आता तुमी टाका ऊन."

कासाबाईनं ऊन टाकलं. हंस छान दिसत होते. एकाची मान अर्धी वळलेली होती आणि ती तशीच राहिली.

"किती दिवस आहेत पाडव्याला?" तिनं विचारलं.

"बावीस."

त्या दिवशी प्रवासी पांगल्यावर तिनं मुनीरभाईंना धोतराची चौकट फिरवायला लावली आणि ऊन पार आत, कोपऱ्यात नेऊन सांडूजीच्या डोक्यावर ठेवलं. पाठमोऱ्या टोपीनं हळूहळू वळून पाहिलं. गालावर दोन दिवसांची दाढी होती, तीही रंगवलेली.

"जेवलीस का?" सांडूजी म्हणाला.

"जेवले. तुमी?"

"इथं भूक नाई."

"बाहेर या."

"रंगातून निघता येत नाई. मोकळा दगड लागतो. माझी जागा मीच भरली ना."

"मंग तिथून हटा, म्हणजे मोकळी होईल."

"मी हटलो की मागचा लगेच पुढं येतो. मिरवणुकीला भोक चालत नाई. ही जुनी माणसं आहेत, अंधारातसुद्धा सरकतात." त्यानं मान लांब करून दाराकडं पाहिलं. "पार शेवटच्या पोपड्यामागं तेवढं कुणी नाई. ती जागा मोकळी राहील. पन तिथवर सत्तावीस हात आहेत, अन् उलटं चालायचं."

"चाला की मंग."

"मला जुन्यांसारखं जमत नाई. ऊन लागतं. तोंडावर असलं की बोलता येतं, पायावर असलं की चालता येतं. अन् तुझं ऊन तर पाटाएवढं."

"मंग पायावर धरते."

"अन् बोलायचं?"

"एकतीस वर्षं तुमीच बोलला की," कासाबाई म्हणाली आणि मुनीरभाईंना खुणेनं चौकट खाली करायला सांगितली. उजेड टोपीवरून घसरला, शिट्टीवरून गेला आणि बुटांवर येऊन थांबला. वर अंधारात सांडूजीचं तोंड उघडं राहिलं होतं. डावा बूट उचलला, मागं पडला. मग उजवा.

दिवसाला एक हात, असा वेग निघाला. अंगणात ऊन सव्वानऊला यायचं आणि साडेअकराला जायचं. प्रवासी असले की मधे राजा दाखवावा लागायचा, राणी दाखवावी लागायची. उरलेलं सगळं ऊन बुटांवर. कासाबाईनं भिंतीखाली जमिनीवर रोजच्या मुक्कामाची कोळशानं खूण केली. दिवस बावीस, हात सत्तावीस. तिनं ते एकदाच मोजलं आणि पुन्हा मोजलं नाही. समोरच्या टेकाडावर ऊन लवकर येतं, म्हणून ती आरसा डोक्यावर घेऊन टेकाडावर चढली आणि तिथून दरीवरून ऊन आत फेकायला लागली. पाऊण तास वाढला. खालून मुनीरभाई शिट्टी वाजवून सांगायचे, जरा वर, जरा डावीकडं.

नवव्या दिवशी बूट थांबले. दहाव्या दिवशीही जागचे हलले नाहीत. कासाबाईनं ऊन वर घेतलं.

"काय झालं?"

"हत्ती," सांडूजी म्हणाला. "जाऊ देत नाई. म्हन्तो, रांग मोडायची नाई."

"त्याला सांगा, बायको वाट पाहती."

"सांगितलं. त्याची पन आहे म्हन्तो. दोन नंबरच्या लेण्यात."

कासाबाई अंगणात उभी राहून विचार करू लागली. मग तिनं सांडूजीला तसंच ठेवून ऊन हत्तीच्या कानाकडं नेलं आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं की दोन नंबरची हत्तीण गेल्या पावसाळ्यात गिलाव्यासकट पडली, वाट पाहून उपयोग नाही. हे खरं होतं. हत्तीनं कान हलवले. मग भिंतीला अंग घासून तो एका बाजूला झाला. अजून तो तसाच तिरपा आहे, आणि जाणकार लोक त्यात चित्रकाराची कमाल पाहतात.

पण दोन दिवस गेले होते. आता हातांत आणि दिवसांत सातांची तूट होती.

वाल्मिकचं सलून बंद पडून होतं. वाल्मिकच्या बायकोनं किल्ली दिली, वर म्हणाली, "आरसा न्या, काकू. पन ह्याला विचारा, राणीच्या बाजूला एवढं चिकटून कामून उभा आहे?" कासाबाईनं सलूनचा उभा आरसा उतरवला. माणूस डोक्यापासून कंबरेपर्यंत दिसेल एवढा, कडेला गुलाबाच्या वेलीचं नक्षीकाम. तो दोन माणसांनी उचलायचा. कासाबाईनं एका हातात घेतला. तेवढा हात होता तिच्यापाशी. मुनीरभाईंनी चौकटीला दुसरं धोतर जोडून तीही रुंद केली. त्या दिवशी भिंतीवर दोन पाटांएवढा उजेड पडला. दोन्ही बूट एकदम उजेडात आले, आणि सांडूजी दिवसाला दीड हात चालू लागला. एकदा तर पावणेदोन.

मोठा उजेड आडवा धरला की दोन बूट, उभा धरला की एक बूट आणि तोंड. मुनीरभाई म्हणाले, "भाभी, एक दिवस उभा धरा. काय म्हन्तो ते तरी ऐकू."

"घरी आल्यावर बोलतील."

"चार दिवस झाले आवाज ऐकून."

"मला झाले, तुमाला नाई," कासाबाई म्हणाली. उजेड आडवाच राहिला.

त्या संध्याकाळी घरी तिनं सांडूजीचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि झाकून ठेवलं. लेक सुभद्रा जालन्याहून फोनवर म्हणाली, "आई, बाबांचा फोटो पाहिला मी, टुरिझमच्या पानावर. बरे दिसतात. कशाला त्रास देतीस?" कासाबाई म्हणाली, "तुझ्या बापाला गुडघ्याला तेल लावून द्यावं लागतं. तिथं कोण लावतं?" आणि फोन ठेवला. सुभद्रानं भाऊबीजेला दिलेल्या कापडाचं, रज्जाकनं शिवलेलं लाल झंपर तिनं पाडव्यासाठी काढून ठेवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सांडूजी मिरवणुकीच्या शेपटाशी पोचला. त्याच्या आणि चटईच्या मधे एक टोपलीवाली आणि दीड हात भिंत एवढंच उरलं होतं. ऊन जायला थोडाच वेळ होता. टोपलीवालीला ओलांडून झालं, आणि कासाबाईनं पहिल्यांदा ऊन उभं केलं.

"उद्या," ती म्हणाली.

सांडूजीनं खाली पाहिलं, वर पाहिलं. त्याचा चेहरा पहिल्यापेक्षा जुना झाला होता, कडांना बारीक भेगा.

"कासा," तो म्हणाला, "इथं गुडघे दुखत नाईत."

"हाव का?"

"कुणी काही विचारत नाई. कुठं उभा होता, कधी बांधलं, कुणी बांधलं. ऊन नाई, घाम नाई. जागा चांगली आहे."

"मंग मीच येते तिथं."

"तुला जागा नाई," सांडूजी म्हणाला. "एकच पोपडा आहे अन् त्यातून मला निघायचं आहे. हात दे उद्या. बोट नको, पंजा दे. मी आपला धरीन. ऊन माझ्या हातावर ठेव, हटू देऊ नको. अंधारात निघालो तर अर्धा इथंच राहील."

ऊन गेलं.

पाडव्याला सकाळी लेण्यांच्या पायऱ्यांना गुढ्या, पताका, झेंडूच्या माळा. ताशेवाले आले. खुर्च्या आल्या. पाच नंबरच्या आत दिवे बसवून तयार होते आणि त्यांचं बटण दाराशेजारी एका मखमली कापडाखाली झाकलं होतं. कार्यक्रमपत्रिका छापली होती: स्वागत, फीत कापणे, बटण दाबणे, भाषणे, अल्पोपाहार. ताटात कात्री आली होती, चकचकीत, मुठीला गोंडा. फीत मात्र नव्हती. निरगुडकर साहेबांनी ताट दोनदा चाचपलं.

"मुनीर! फीत कुठाय?"

"तुमी आणणार होते ना, साहेब."

"तालुक्याला जा. लाल आण. पाहुणे साडेअकराला येतील, त्याच्या आत परत ये."

मुनीरभाईंनी कासाबाईकडं पाहिलं. कासाबाईनं धोतराच्या चौकटीकडं पाहिलं. मुनीरभाईंनी चौकट खांबाला सुतळीनं आवळून बांधली, चटई उतरवून गुंडाळली, आणि साहेबांनी दुसऱ्यांदा हाक मारल्यावर मोटरसायकलला लाथ मारली.

"बाई, हा आरसा आवरा आता," साहेब म्हणाले.

"हाव साहेब. एवढं ऊन संपलं की."

"किती वेळ?"

"साडेअकरा. मंग तुमचंच."

साहेब माळा मोजायला गेले.

कासाबाई अंगणात दाराच्या डाव्या हाताला उभी राहिली, अंगात लाल झंपर, डाव्या हातात सलूनचा आरसा. ऊन धोतरावर आपटलं आणि दाराच्या आतल्या उजव्या भिंतीवर पडलं. बूट चालले. एक हात. मग वीत. मग चार बोटं. पोपड्याच्या कडेला येऊन निळा बूट थांबला आणि त्यानं मोकळ्या दगडाला टोक लावून पाहिलं, पाण्याला लावतात तसं.

तिनं ऊन बुटावरून काढून सांडूजीच्या हातावर नेलं. पाच बोटं उजेडात आली. ती भिंतीच्या रंगातून हळूहळू फुगीर झाली, मग गोल झाली. पहिल्यांदा त्यांची सावली पडली.

मुनीरभाई आलेले नव्हते. आरसा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला कुणी नव्हतं, आणि आरसा ठेवून आत जावं तर ऊन त्याच्या हातावरून सरकलं असतं. अंगणातून पोपडा आठ हात लांब होता. कासाबाईचा हात मोठा असला तरी अडीच हातांचा.

तिनं आरसा डाव्या हातात घट्ट धरला आणि उजवा हात दारातून आत टाकला.

तो उंबऱ्यापाशी संपला. तिनं खांदा पुढं केला. हात आणखी थोडा गेला. एकतीस वर्षांत तो वर्षाला एक बोट लांबला होता. आता तिला पुढची कितीतरी वर्षं लागत होती आणि ती सगळी तिनं त्याच सकाळी मागून घेतली. खांद्यात कड्कड वाजलं. हात उंबऱ्यावरून गेला, पहिल्या खांबावरून गेला. झंपराची बाही त्याच्याबरोबर ताणत गेली, अरुंद होत गेली, पण उसवली नाही. रज्जाकची शिवण पक्की होती. पाच हात. सहा हात. डाव्या हातातल्या आरशाचं ऊन एक तसूही हटलं नाही. तिनं पंजा उघडला, बोटं मिटू दिली नाहीत, आणि मोकळ्या दगडासमोर धरला.

भिंतीतून पाच बोटं बाहेर आली आणि त्यांनी तिचा पंजा धरला. गार होती. करंगळीचं नख वाढलेलं होतं. ते कापायचं राहून गेलं होतं त्या मंगळवारी.

कासाबाईनं ओढायला सुरुवात केली.

मनगट आलं. खाकी बाहीचं बटण आलं. वर उजेडाच्या कडेला सांडूजीचं तोंड काहीतरी बोलत होतं. तिला ओठ हललेले दिसत होते. "घरी बोला," ती म्हणाली आणि ओढत राहिली. कोपर आलं.

पाहुणे अकरा वाजताच आले. मोठी माणसं वेळेवर येत नाहीत म्हणतात, पण यांना पुढं आणखी दोन उद्घाटनं होती. ताशे सुरू झाले. निरगुडकर साहेब माळ घेऊन धावले, माळ घातली, आणि पाहुण्यांना घेऊन अंगणात येता येता त्यांना फितीची आठवण झाली. त्यांनी पायऱ्यांकडं पाहिलं; मोटरसायकलचा पत्ता नव्हता. मग त्यांनी दाराकडं पाहिलं.

दाराच्या डाव्या अंगापासून उजव्या अंगापर्यंत, छातीच्या उंचीवर, काहीतरी लाल, अरुंद आणि ताठ आडवं लागलेलं होतं.

"वा," साहेब स्वतःशी म्हणाले. "मुनीर कामाचा आहे."

"साहेब!" कासाबाई ओरडली. "साहेब, थांबा!"

ताशेवाल्यांनी पाहुणे दिसल्यावर जोर केला होता. साहेबांनी तिच्याकडं पाहून मान डोलावली आणि बोटानं घड्याळ दाखवलं, म्हणजे आरसा आवरा. पायऱ्यांच्या तळाशी मोटरसायकल थांबली आणि मुनीरभाई हातात कागदाची पुडी घेऊन चढायला लागले. एकशेचाळीस पायऱ्या. त्यांनी वर पाहिलं आणि पुडी टाकून पळायला लागले.

खांदा आला. टोपीची कड आली. शिट्टी दगडावर घासून एकदा किणकिणली.

पाहुण्यांना ताट दिलं. पाहुण्यांनी कात्रीच्या मुठीत बोटं घातली, कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि डाव्या हातानं लाल कापड चिमटीत धरलं. त्यांना ते जरा ऊबदार वाटलं असावं, कारण त्यांनी हसून साहेबांकडं पाहिलं. साहेबही हसले. फोटोवाला म्हणाला, एक मिनिट, जरा उजेड इकडं, आणि सगळ्यांनी आरसा धरलेल्या बाईकडं पाहिलं.

कासाबाईनं आरसा हलवला नाही.

"राहू दे," फोटोवाला म्हणाला. "घेतो तसाच."

आत मोकळ्या दगडातून निळ्या बुटाचं टोक बाहेर आलं. पाहुण्यांनी कात्री उघडली.